किती असायला हवं?

वजनाविषयीचा प्रश्न बहुतेक माणसं एकाच साच्यात विचारतात. ‘उंची एवढी एवढी आहे, तर वजन किती असायला हवं?’ उत्तरात एक आकडा हवा असतो. तो एकच हवा, नेटका हवा आणि सध्याच्या वजनापासून फार लांबचा नको. दोन-तीन किलो कमी करा म्हटलं की माणूस खुशीत मान डोलावतो. बारा म्हटलं, की सांगणाऱ्याचा अभ्यास कितपत असावा अशी शंका त्याला येऊ लागते.

सगळ्यांत सोपं उत्तर तोंडी हिशेबाचं आहे. उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, त्यातून 100 वजा करायचे, उरतील तेवढे किलो. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावावर हा नियम चालतो. तो इतका टिकला, कारण त्याला कागद-पेन्सिलही लागत नाही. 170 उंचीला 70 किलो, विषय संपला. बाई की पुरुष, वय विशीचं की सत्तरीचं, दंडात बळ आहे की नुसती लोंबती कातडी, कसलीही चौकशी नाही.

स्वतःला तोलायची हौस मात्र या नियमाहून पुष्कळ जुनी. इटलीतल्या पादुआमध्ये सांतोरिओ सांतोरिओ (नाव आणि आडनाव खरंच एकच) हे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी तराजूच्या दांडीला एक खुर्ची टांगली आणि सुमारे तीस वर्षं स्वतःच्या वजनाची नोंद ठेवली. खाल्लेलं, प्यायलेलं, शरीराबाहेर टाकलेलं, सगळं तोललं. जेवायला त्याच खुर्चीत बसायचं. ठरलेलं अन्न पोटात गेलं की खुर्ची खाली सरकणार, म्हणजे आता पुरे. इतका कडक पहारेकरी आजच्या कुठल्या ॲपलाही जमलेला नाही. 1614 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यातली मुख्य गोष्ट अशी, की आत गेलेलं आणि बाहेर आलेलं यांचा ताळा काही केल्या बसत नाही. बराचसा भाग कुणाला न दिसता त्वचेवाटे आणि श्वासावाटे उडून जातो.

सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दिवसभरात किलो-दीड किलो इकडचं तिकडे होणं अगदी साधी गोष्ट आहे. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो दर ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून बसतो. आहार आवळला की आधी हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जातं. पहिल्या आठवड्यातल्या ज्या यशाच्या बातम्या आपण लोकांना कळवतो, त्यातलं बरंचसं यश असं ओलं असतं.

पण कुणाचं वजन किती असावं, हे ठरवणारा आकडा आला कुठून? ही कथा मला फार गमतीची वाटते, कारण ती एका खगोलशास्त्रज्ञापासून सुरू होते. बेल्जियमचे अडोल्फ केतले ताऱ्यांच्या मोजमापातल्या चुका हाताळणारं गणित माणसांना लावून पाहत होते. त्यांना शोध होता ‘सरासरी माणसा’चा. पूर्ण वाढ झालेल्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे त्यांनी 1830 च्या दशकात नोंदवलं. कोण लठ्ठ, कोण निरोगी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न पडला विमा कंपन्यांना. कुणाचं वजन किती असताना तो किती वर्षं जगतो, म्हणजे किती वर्षं हप्ते भरतो, यात त्यांना रस असणारच. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफने 1940 च्या दशकात ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले. कपडे आणि बूट धरून केलेलं वजन, आणि तेही विमा घेऊ शकणाऱ्या लोकांचं. त्यात लहान, मध्यम आणि मोठा असे बांध्याचे तीन रकाने होते. मात्र आपला बांधा कोणता हे ओळखायचं कसं, ते सांगितलेलं नव्हतं. साहजिकच आपली हाडं मुळातच जड आहेत, असं वाटणाऱ्यांची मोठी सोय झाली. कोपराची रुंदी मोजून बांधा ठरवायची रीत त्या तक्त्यांत आली ती 1983 च्या आवृत्तीत.

1972 मध्ये अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केतले यांचं जुनं सूत्र पुन्हा वर काढलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स असं नाव दिलं. तोच आपला बीएमआय: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. अनेक माणसांच्या समूहांची तुलना करायला हे सूत्र बरं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर गेलं ते पुढे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत 18.5 ते 24.9 म्हणजे ठीक, 25 पासून जास्त, 30 पासून लठ्ठपणा. या रेषा काही दगडावरच्या नव्हेत. अमेरिकेत 1998 पर्यंत पुरुषांना 27.8 आणि स्त्रियांना 27.3 पर्यंत सवलत होती. त्या वर्षी सरकारी तज्ज्ञांनी रेषा 25 वर आणली आणि एक घासही जास्त न खाता लाखो लोक एकदम जाडे ठरले.

170 सेंटिमीटर उंचीला ‘ठीक’ या शब्दात काय काय मावतं, तेही एकदा करून पाहावं. साधारण साडेत्रेपन्न किलोपासून 72 किलोपर्यंत! अठरा किलोंहून मोठं अंगण आहे ते. आणि आपण शेजाऱ्याचं दोन किलोंनी कमी म्हणून हळहळतो.

याच उंचीचा 70 किलोंचा माणूस घ्या. त्याचा बीएमआय 24.2. जागतिक तक्त्यात तो सुखाने बसतो. दक्षिण आशियाई असेल तर मात्र वजन जास्त, कारण भारतीयांसाठी 2009 मध्ये ठरलेल्या निकषांत 23 पासूनच जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरलेला आहे. पॉलिनेशियन बेटांवरच्या लोकांसाठी संशोधकांनी उलट रेषा वर सरकवल्या आहेत. त्यांच्या अंगात त्याच वजनाला स्नायू जास्त असतात, आपल्यात चरबी जास्त, आणि तीही पोटाच्या आत, अवयवांभोवती. मधुमेह आणि हृदयविकार या आतल्या चरबीवर जास्त पोसतात. सुमो पैलवानांचं अवाढव्य अंग बघून वाटणार नाही, पण सराव चालू असेपर्यंत त्यांची बरीचशी चरबी त्वचेखाली असते, आत तुलनेने थोडी. कुस्ती सोडली की चित्र पालटतं.

या सगळ्या प्रकरणाचा सर्वांत चांगला पुरावा दोन डॉक्टरांनी स्वतःचीच शरीरं पुढे करून दिला आहे. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला जोडीने काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! सोबतच्या मजकुरात थट्टाही आहे: युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं. जन्माच्या वेळी याज्ञिकांचं वजन कमी होतं, हेही एक संभाव्य कारण तिथे नोंदलं आहे. आईच्या पोटातले दिवससुद्धा पन्नाशीतल्या पोटाचा हिशेब मांडत असतात, हा विचार मला वजनकाट्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

तेव्हा काट्याऐवजी सुतळी घ्यावी, अशा मताचा मी आहे. आपल्या उंचीएवढी सुतळी कापायची, मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती गुंडाळायची. टोकं सहज जुळली तर बरं. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा सल्ला ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेनेही 2022 मध्ये दिला आहे. इथे हाडं जड असल्याची सबब चालत नाही. पोट आत ओढून धरता येतं हे खरं, पण सुतळी आपलीच आणि बघणारेही आपणच, फसवायचं कुणाला?

सुतळीलाही अपवाद आहेतच. गरोदर बाईला ती लावण्यात अर्थ नाही. आधी वजन बेताचं असेल तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढणं अपेक्षितच असतं. नवजात बाळ पहिल्या काही दिवसांत उलट घटतं, घरचे घाबरतात, आणि पाचेक महिन्यांत तेच जन्माच्या दुप्पट होतं. वाढत्या मुलांना मोठ्यांचा तक्ता लावूच नये, त्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या मुला-मुलींशी करायची असते.

म्हातारपणाचं गणित आणखी वेगळं. साठीनंतर स्नायू झिजत जातात आणि त्यांच्या जागी चरबी येते. काटा मात्र जागचा हलत नाही. ‘लग्नात होतं तेवढंच वजन आहे माझं’ असं अभिमानाने सांगणाऱ्या आजोबांना खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठून दाखवायला सांगावं. वजनाच्या आकड्यापेक्षा त्या उठण्यातून जास्त कळतं. उतारवयात जरा भरलेलं अंग आजारपणात उपयोगी पडतं, आणि फार बारीक असणंच जास्त धोक्याचं ठरतं, असं वृद्धांच्या अनेक पाहण्यांत दिसून आलं आहे.

2025 च्या सुरुवातीला याच ‘लॅन्सेट’च्या एका भावंड नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने सांगितलं, की लठ्ठपणाचं निदान एकट्या बीएमआयवर करू नका, कंबर मोजा किंवा चरबी मोजा आणि त्या चरबीने एखादा अवयव, एखादं रोजचं काम अडवलंय का ते बघा. तक्ता उंची आणि वजन एवढंच विचारत होता. झोपेत घोरता का, जिना चढताना धाप लागते का, गुडघे काय म्हणतात, रक्तातली साखर किती, हे विचारायला समोर माणूस लागतो.

लोकही विचारतात, नाही असं नाही, पण त्यांची चौकशी एकाच दिशेची. वजन वाढलं की काळजी, उतरलं की अभिनंदन. वास्तविक काहीही न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन गेलं, म्हणजे 70 किलोंच्या माणसाचे साडेतीन किलो, तर डॉक्टर कान टवकारतात. मधुमेह, थायरॉइड, क्षय, कर्करोग, खचलेलं मन, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. म्हणून आकडा ऐकल्याबरोबर त्यांचा पुढचा प्रश्न असतो, ‘मुद्दाम उतरवलंत का?’ लग्नाच्या मांडवात भेटलेली माणसं एवढं थांबत नाहीत. ती थेट हात धरून विचारतात, ‘कसं काय जमवलंस? आम्हालाही सांग की!’