मॅकबेथचा सावलीपट : खंजीर अखेर काढून टाकला

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाचा सावल्यांतून चित्रपट करतोय. राजाचा खून करायला निघालेल्या मॅकबेथला हवेत खंजीर दिसतो, तो प्रवेश दोन बैठकांत उरकेल असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. पाच शनिवार खाल्ले त्याने.

आधी पुठ्ठ्याचा खंजीर कापला, ट्रेसिंग पेपरच्या पडद्यामागे टांगला. सावली झकास पडली आणि प्रवेश तिथेच मेला. नट म्हणतोय, ‘समोर दिसतोय तो खंजीरच का? मूठ माझ्या हाताकडे?’ आणि पडद्यावर नेमकं तेच! शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात प्रयोग दिवसाउजेडी होत. काळोख, घुबड, रक्त, सगळं शब्दांनीच उभं करायचं. म्हणजे कॅमेऱ्याचं काम संहितेनं आधीच करून ठेवलंय. आपण तेच पुन्हा दाखवलं की दोन्ही वाया.

मग 1623 च्या फोलिओतल्या, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीतल्या रंगसूचना बघितल्या. मेजवानीच्या प्रवेशात बँकोचं, म्हणजे मॅकबेथने मारवलेल्या मित्राचं, भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं, हे तिथे स्पष्ट छापलंय. खंजिराला मात्र एक सूचना नाही. तोच नियम धरला: भूत दिसेल, खंजीर नाही.

आता फ्रेममध्ये फक्त हाताची सावली. हात जागचा हलत नाही. दिवा मी रुळावरून आडवा सरकवतो. हात स्थिर, पण सावली निसटत जाते, बोटं लांबत जातात. ‘पकडू दे तुला’ ही ओळ इथे बसली तेव्हा अंगावर काटा आला. स्वगताच्या तीसेक ओळींच्या अकरा झाल्या. कापताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू.

एक फजितीही सांगतो. सेकंदाला 24 फ्रेम, शटर 1/50 सेकंद म्हणजे आपल्या 50 हर्ट्झच्या विजेला जुळणारं, तरी पडद्यावर पट्टे धावत होते. दोष विजेचा नव्हता. डिमरवर (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर) मंद केलेला एलईडीच लुकलुकत होता. डिमर काढला, दिवा पूर्ण तेजावर ठेवून लांब नेला. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई, शिवाय सावलीची कड जास्त रेखीव. हे आधी सुचलं असतं तर दोन शनिवार वाचले असते.

पुढे मेजवानी. भूत फक्त मॅकबेथला दिसतं, म्हणून त्याच्या नजरेतले शॉट निगेटिव्हमध्ये, म्हणजे उजेड-अंधार उलटे करून पाहिले. चेहरे बटबटीत वाटले, पण मेणबत्त्यांच्या ज्योती काळ्या झाल्या. त्या मात्र ठेवणार. चेहऱ्यांचं काय करायचं, कुणी असा प्रयोग केला असेल तर सांगा.