तुम्ही विचारलंत म्हणून: स्टॉर्म शिकायचा कसा?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ खेळायला लागलेली मुलं मला हमखास विचारतात, “ताई, स्टॉर्मसारखा कॉम्बो डेक शिकायचा तर सुरुवात कुठून करायची?” कॉम्बो डेक म्हणजे ठरावीक कार्डं एकमेकांना जुळवून जिंकणारा कार्डांचा संच. माझं उत्तर ठरलेलं आहे. शेवटच्या कार्डापासून.

लेगसी या फॉरमॅटमधल्या (जुनी कार्डं चालणाऱ्या खेळप्रकारातल्या) जुन्या स्टॉर्म डेकचं शेवटचं कार्ड म्हणजे टेंड्रिल्स ऑफ ॲगनी. समोरच्याचे दोन लाइफ जातात, आपल्याला दोन मिळतात, बस्स. पण 2003 साली स्कर्ज या सेटमध्ये स्टॉर्म ही क्षमता आली. त्या टर्नमध्ये (पाळीत) आधी जितके स्पेल (लँड सोडून टाकलेली कार्डं) पडले असतील, तितक्या या कार्डाच्या प्रती निघतात. समोरच्याचे लाइफ 20, ते संपले की तो हरतो, म्हणजे टेंड्रिल्स हा दहावा स्पेल हवा आणि तेव्हा चार माना (कार्ड टाकायला लागणारी ऊर्जा) शिल्लक हवेत. आता इथून उलटं मोजत मागे यायचं.

एक हात मांडून दाखवते. टेबलावर काळा माना देणारे दोन लँड. हातात लोटस पेटल, लायन्स आय डायमंड, दोन डार्क रिच्युअल आणि इन्फर्नल ट्यूटर. पेटल आणि डायमंड फुकट उतरतात. रिच्युअल एकेक माना घेऊन तीन-तीन देतात. झाले चार स्पेल, सहा माना. पाचवा ट्यूटर, त्याला दोन गेले, उरले चार. हात रिकामा असेल तरच ट्यूटर हवं ते कार्ड आणून देतो. म्हणून तो टाकल्यावर लगेच, तो रिझॉल्व्ह व्हायच्या (त्याचा परिणाम लागू व्हायच्या) आत, डायमंड फोडायचा. असेल नसेल तो हात जातो, तीन काळे माना येतात. आता सात, आणि पेटलमधला एक अजून बाकी.

इथे मोह होतो टेंड्रिल्स आणायचा. तो सहावा स्पेल, म्हणजे फक्त 12. आणायचं पास्ट इन फ्लेम्स. तीन काळे आणि पेटलमधला लाल देऊन ते टाकलं की ग्रेव्हयार्डमधले (वापरलेल्या कार्डांच्या ढिगातले) दोन्ही रिच्युअल आणि ट्यूटर पुन्हा खेळता येतात. स्पेल झाले सात, आठ, नऊ. या वेळी ट्यूटर टेंड्रिल्स आणतो. बे दाहे वीस, आणि वर दोन माना उरतात.

घरी एकट्याने बसून हेच करायचं. डेक पिसा, सात कार्डं उचला, आणि एकही कार्ड खाली न ठेवता सगळा हिशेब तोंडाने बोला. डायमंड रिझर्व्ह्ड लिस्टवर आहे, पुन्हा छापला जाणार नाही, त्यामुळे किंमत विचारूच नका. सरावाला कागदावर नाव लिहिलेलं चालतं.

पण एकट्याने अर्धंच शिकून होतं. निळा डेक समोर आला की त्याच्याकडे फोर्स ऑफ विल असतो. एक लाइफ आणि एक निळं कार्ड दिलं की फुकटात तुमचा स्पेल रद्द. डायमंड फोडल्यावर ट्यूटर रद्द झाला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून आधी ड्युरेस टाकून त्याचा हात बघावा, फोर्स दिसला तर काढून घ्यावा. ड्युरेसला एकच माना लागतो, आणि उरलेल्या दोनातून तो निघतो.

दुसरा फोर्स नंतर डेकवरून त्याच्या हाती आला आणि त्याने तो टेंड्रिल्सवर मारला तरी मूळ कार्ड तेवढं रद्द होतं, प्रती जागेवर राहतात. ड्युरेस नसता तर नऊ प्रतींचे 18 झाले असते आणि एक लाइफ स्वतःहून दिलेला तो एकावर तगला असता. ड्युरेस हाही एक स्पेल, म्हणून प्रती दहा होतात.