अंगठेबहाद्दर

माझे पणजोबा अंगठेबहाद्दर होते. विकास सोसायटीच्या कर्जरोख्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवायचा, धोतराला पुसायचा, की व्यवहार संपला. मी चांगला इंजिनिअर वगैरे झालो, पण गेले चार महिने माझाही सगळा कारभार अंगठ्यांवरच चाललाय. मी दोन्ही वापरतो, एवढाच फरक.

झालं असं, की लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो पुन्हा कपाटात ठेवून दिला. त्याच सुमारास वार्षिक सभेला गैरहजर राहिल्याची शिक्षा म्हणून आमच्या इमारतीचं खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. थकबाकीवर सरळव्याज लावायचं असतं. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींत त्याची कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के दिलेली आणि आमच्या सभेने उदारपणे तीच धरलेली. आधीचे खजिनदार हे सगळं वहीत मांडायचे. मला वाटलं, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहू, वीस ओळींचं तर काम! फोन होताच खिशात.

फोनवर टर्मक्स घेतलं, आज्ञा टाइप करून चालवायचं ॲप. काळा पडदा आणि कोपऱ्यात एक डॉलरचं चिन्ह, बस. 'पीकेजी इन्स्टॉल पायथन' म्हटलं की खरोखरचा पायथन उतरतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स या संगणकप्रणालीचं कर्नल, म्हणजे गाभा, आहे हे पुस्तकात वाचलं होतं, पण रोज रील्स बघायच्या त्याच काचेवर ते भेटलं तेव्हा चाळीतला शेजारी अचानक गाभाऱ्यात पूजा सांगताना दिसावा तसं झालं. कीबोर्डच्या वर एस्केप, टॅब, कंट्रोल, बाणांच्या कळा ओळीने येतात. शिवाय आवाज कमी करायचं बटणही कंट्रोलचं काम करतं. ते धरून सी दाबलं की चालता प्रोग्रॅम थांबतो. (हीच सोय आमच्या सभेत हवी होती.)

टर्मक्समध्ये कीबोर्ड फारशी ढवळाढवळ करत नाही. पण मी हौसेने दुसऱ्या एका एडिटरमध्ये लिहायला गेलो आणि त्याच्यातला शुद्धलेखनाचा मास्तर जागा झाला. 'प्रिंट'चं पहिलं अक्षर मोठं. 'एलिफ' हा पायथनचा शब्द लिहिला की 'लाइफ'. ओळीनंतर टीप लिहायची तर आधी दोन जागा सोडायच्या, ही पायथनवाल्यांची रीत. मी दोन जागा सोडल्या, त्याने वाक्य संपलं समजून पूर्णविराम दिला. तो ठिपका शोधण्यात लोकलमध्ये ठाणे ते घाटकोपर गेलं. महिरपी कंस हवा तर आकड्यांचं पान, मग चिन्हांचं पान, आणि परत. त्यामुळे मी कंस वाचवून लिहायला लागलो, तारेच्या जमान्यात लोक शब्द वाचवत तसे.

शेजारचे काका बराच वेळ वाकून बघत होते.

"शेअर्सचं का हो?"

"नाही काका, व्याज मोजतोय."

"मग? कॅल्क्युलेटर नाही येत का यात?"

एका रविवारी मात्र अतिरेक केला. डेबियन हे पुरं लिनक्स घातलं, त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप, त्यावर तक्ते मांडायला लिब्रेऑफिस. साडेसहा इंचांत संपूर्ण डेस्कटॉप! मेनू मुंग्यांच्या रांगेसारखे, खिडकी बंद करायची फुली तीळभर, आणि कीबोर्ड वर आला की अर्धा तक्ता गडप. बोटाने माउसचा बाण ढकलत मी एक रकाना रुंद केला, तेवढ्यात सगळंच नाहीसं झालं. मागे एक ओळ उरली: सिग्नल ९. अँड्रॉइड १२ पासून ॲप्सच्या उपप्रक्रियांवर, म्हणजे ॲप्सनी मागे सुरू केलेल्या कामांवर, बत्तीसची मर्यादा आली, तिच्या वर गेलं की फोन त्या मारत सुटतो. डेस्कटॉपचा संसार बत्तिसात कुठला बसायला! मी परत काळ्या पडद्याकडे आलो आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. अंगठ्याने लिहायचं म्हटलं की माणूस फालतू ओळ लिहीत नाही. लॅपटॉपवर मी याच कामाच्या दोनशे ओळी केल्या असत्या.

शेवटी एकतीस ओळी झाल्या. मंगळवारी रात्री, कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये कुठेतरी, प्रोग्रॅम पहिल्यांदा बिनचूक चालला आणि थकबाकीदारांची यादी सरसर उतरली. पहिलाच फ्लॅट १०३. म्हणजे आमचाच. दोन महिने आणि वर व्याज.

यादी ग्रुपवर टाकण्याआधी गुपचूप पैसे भरायचे ठरवलं. ॲप उघडलं, तर त्याने अंगठा मागितला. घामाने उमटेना. शर्टाला पुसून पुन्हा टेकवला.