हरभऱ्याच्या झाडावर

एका गोष्टीचा अनुवाद करताना ‘कजोल’ या इंग्रजी क्रियापदापाशी मी अडलो. वाक्य साधे होते: नातीने आजोबांना ‘कजोल’ करून जत्रेला नेले. कोशात ‘खुशामत करून वळवणे’ असा अर्थ होता आणि तो चूकही नव्हता. पण नात आजोबांची खुशामत करते असे लिहिले, की ती नात राहत नाही, साहेबापुढे फाईल घेऊन उभी असलेली कारकून होते. तिथे ‘लाडीगोडी लावून’ हेच हवे होते. दोन पाने उलटली तर त्याच क्रियापदाने एक दलाल म्हातारीची कागदावर सही मिळवत होता. तिथे लाडीगोडी कुठली चालायला?

इंग्रजीला कोण कोणाला भुलवतो आहे याची फारशी फिकीर नसते. मराठी आधी नाते विचारते. रुसलेल्या बायकोची मनधरणी होते, बुजलेल्या बैलाला चुचकारतात, साहेबाला लोणी लावतात, आणि मतदारांपुढे साखरपेरणी होते. इंग्रजी आपला बारकावा शब्दयोगी अव्ययांवर सोपवते: ‘कजोल’पुढे ‘इनटू’ आले, की माणसाला कामाच्या भरीस घातले जाते, आणि ‘आउट ऑफ’ आले, की त्याच्याकडून काहीतरी काढून घेतले जाते. ‘कोक्स’ हे त्याचे भावंड अडून बसलेल्या इंजिनालाही चालते. ‘कजोल’ला मात्र स्तुती ऐकणारा कान लागतो.

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी पक्ष्याची किलबिल आणि पिंजऱ्यात येण्यासाठी दाखवलेले आमिष या दोन्ही कल्पना मिसळल्या असाव्यात, असा व्युत्पत्तिकारांचा एक तर्क आहे. मला तो पटतो, कारण पिंजऱ्याचे दार लागल्याचा आवाज मी स्वतः ऐकलेला आहे.

आमच्या सोसायटीचे सचिव गेल्या रविवारी सकाळी आले. चहा घेता घेता म्हणाले, “आपल्या तिन्ही इमारतींत तुमच्यासारखे शुद्ध मराठी लिहिणारे दुसरे कोण आहे?” हरभऱ्याचे झाड जेमतेम गुडघ्याएवढे असते, त्यावर कोणी चढूच शकत नाही, आणि म्हणूनच या वाक्प्रचारात खरी गंमत आहे, हे मला ठाऊक होते. तरीही मी चढत होतो, आणि आपण चढतो आहोत हे मला स्वच्छ दिसत होते. मग त्यांनी पिशवीतून सभेच्या इतिवृत्ताची वही काढली. पहिल्या पानावर माझे नाव आधीच लिहिलेले होते आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक होती. ती दुरुस्त करायला मी पेन उघडले.