कॅसेट लिहून घेणे

मामाच्या घराच्या माळ्यावर एक टेपरेकॉर्डर आहे. दिवाळीची साफसफाई निघाली की तो खाली येतो, पुसला जातो, मामी "या वर्षी तरी भंगारात द्या" म्हणते आणि मामा तो परत माळ्यावर नेऊन ठेवतो. विटेसारखा जड. वर कॅसेटचं झाकण, कडेला ओळीने बटणं आणि कपाळावर रशियन अक्षरांत लिहिलेलं 'एलेक्ट्रॉनिका-302'.

मामा 1982 साली इंजिनियरिंग शिकायला सोव्हिएत संघात, खारकोव्हला गेला आणि 1988 साली परतला. त्याच्या बरोबरीच्या पोरांनी येताना झेनिट कॅमेरे आणले. यानं हे धूड आणलं. आजी तेव्हा म्हणाली होती, "रशियातून आणून आणून हे आणलंस? असलं तर इथेही मिळतं, आणि हलकं मिळतं." आजीचं काही चुकलं नव्हतं.

पण यंत्राबरोबर एक पुस्तिका आहे आणि माझा जीव त्या पुस्तिकेत अडकला आहे. रशियनमध्ये तिला 'पास्पोर्त' म्हणतात. माणसाला पासपोर्ट तसा यंत्रालाही. आपल्याकडे रेडिओबरोबर यायचं ते वॉरंटी कार्ड आणि "बिघाड झाल्यास आमच्या अधिकृत केंद्राशी संपर्क साधा" अशी तंबी. या पासपोर्टात घडी घातलेला मोठा कागद आहे आणि त्यावर यंत्राचं अख्खं सर्किट छापलेलं आहे. कुठला ट्रान्झिस्टर कुठे, कुठला रेझिस्टर किती ओहमचा, सगळं. थोडक्यात, हे बिघडणार आहे हे आम्हाला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, तेव्हा हा नकाशा घ्या आणि सोल्डरिंगची तयारी ठेवा. एवढा प्रामाणिक कारखाना मी दुसरा पाहिला नाही.

'302' या आकड्यातही गंमत आहे. पहिला तीन म्हणजे तिसरा वर्ग. तिकडे टेपरेकॉर्डरना सरकारी प्रमाणकाप्रमाणे वर्ग असत. शून्य म्हणजे सर्वांत उंची, मग पहिला, दुसरा, असं खाली खाली. नावातल्या आकड्यावरूनच यंत्राची पायरी कळायची. 'वेस्ना-306' तिसऱ्या वर्गातलं, 'रोमान्तिक-306' तेही तिसऱ्याच. वर्गहीन समाज उभारायला निघालेल्या देशात टेपरेकॉर्डर मात्र आपापला वर्ग कपाळावर मिरवत होते. हे मी मामाला एकदा बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अरे, तिकडे हा विनोद तुझ्या जन्माआधी शिळा झाला होता."

मामा ज्या शहरात शिकला त्याच खारकोव्हमध्ये 1969 साली 'देस्ना' नावाचा पहिला सोव्हिएत कॅसेट टेपरेकॉर्डर तयार झाला. फिलिप्स कंपनीनं 1963 मध्ये कॅसेट जगापुढे आणली होती. देस्नाची घडणही त्याच कंपनीच्या यंत्रावर बेतलेली. म्हणजे नकला करण्याच्या या यंत्राची सुरुवातच नकलेतून झाली. त्याआधी, आणि त्यानंतरही बराच काळ, घराघरात राज्य होतं ते मोठ्या चकत्यांच्या स्पूल टेपरेकॉर्डरचं. पहिला घरगुती 'द्नेप्र' 1949 चा, कीएव्हचा. ती यंत्रं उचलायला घरात एखादा धडधाकट जावई लागायचा. कॅसेटवाला मात्र काखेत मारून कुणाच्याही स्वयंपाकघरात, नदीकाठी, ट्रेनच्या डब्यात नेता यायचा. आवाज डब्यातून आल्यासारखा, पण बरोबर येणारा.

यंत्र एकदाच घ्यायचं. खरा खर्च कॅसेटचा. कोऱ्या कॅसेटचं नाव होतं 'एमका-60'. 'एम' म्हणजे मॅग्नेटोफोनची, म्हणजे टेपरेकॉर्डरची, 'का' म्हणजे कॅसेट, साठ म्हणजे मिनिटं. नाव ठेवण्यात वेळ घालवलेला नाही. किंमत 4 रुबल. खारकोव्हच्या मेट्रोचं तिकीट तेव्हा 5 कोपेक, आणि रुबलचे कोपेक शंभर, म्हणजे एका कॅसेटमध्ये मेट्रोच्या 80 फेऱ्या. त्याच्या वर्गातल्या स्थानिक पोरांना महिन्याला 40 रुबल स्टायपेंड मिळे, हे मामा अजून हिशेब मांडल्यासारखं सांगतो. दुकानात कधीमधी जपानी किंवा जर्मन कॅसेट दिसली तर ती 9 रुबलला. तिच्या वेष्टनाचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा पोरं जपून काढायची. एमका-60 ची टेप फिरता फिरता तपकिरी भुकटी सोडायची, ती हेडवर, म्हणजे टेप जिथे घासून जाते त्या भागावर, बसायची आणि गाणारा घोंगडी पांघरल्यासारखा गायला लागायचा. मग हेड पुसायला स्पिरिट. कारखान्यांत, प्रयोगशाळांत अशा कामांसाठी स्पिरिट मिळायचं, त्यातलं थोडं हेडपर्यंत पोचायचंही. 1985 च्या मे महिन्यात गोर्बाचोव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली आणि तेही पोचेनासं झालं. मग ओडिकोलोन.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच.

आपण कॅसेट 'भरायचो'. कोपऱ्यावरच्या दुकानात यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी भरून आणायची. बरणी भरावी तशी. काठोकाठ भरली पाहिजे, शेवटची दोन मिनिटं रिकामी राहिली तर जीव हळहळायचा. रशियनमध्ये कॅसेट भरत नाहीत, लिहितात. ध्वनिमुद्रणाला त्यांचा शब्द 'झापिस', म्हणजे लिहून ठेवलेलं. आणि मित्राकडची कॅसेट आपल्या कॅसेटवर घ्यायची तर म्हणायचं, 'पेरेपिशी', मला लिहून दे. एकानं दुसऱ्याची वही उतरवून घ्यावी, तोच शब्द.

हे कळल्यापासून मला माळ्यावरचं ते यंत्र वाजवायचं वाटेनासं झालं. ते लिहायचं यंत्र आहे. आणि त्या देशात लिहायच्या यंत्रांवर केवढी नजर असायची! कचेऱ्यांमधली झेरॉक्सची यंत्रं कुलपात असत. कोण काय किती प्रती काढतो याची नोंद व्हायची. नको असलेली कविता टाइपरायटरवर कार्बन घालून चार-पाच प्रतींत काढणारा माणूस जोखीम पत्करायचा. आणि त्याच सरकारचे कारखाने दरवर्षी ढिगानं टेपरेकॉर्डर काढत होते, मुद्रणाच्या बटणासकट, वर सर्किटचा नकाशा फुकट. त्यांना वाटलं असेल, लोक 'मेलोदिया' या सरकारी कंपनीची गाणी ऐकतील, भाषेचे धडे गिरवतील, लेकराचे बोबडे बोल साठवतील. लोकांनी तेही केलं.

पूर्वी, टेपरेकॉर्डर घरात यायच्या आधी, लेनिनग्राडमध्ये काही पठ्ठे दवाखान्यांनी टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म गोळा करायचे, त्या गोल कापून त्यांवर परदेशी गाण्यांच्या खाचा पाडायचे. 'बरगड्यांवरचं संगीत' म्हणत त्याला. कुणाच्या तरी फासळ्यांवर जाझ वाजायचं. त्यासाठी यंत्र जुळवावं लागायचं, कसब लागायचं आणि पकडले गेलात तर तुरुंग. टेपरेकॉर्डरला यातलं काही लागत नव्हतं. अलेक्सान्द्र गालिच या कवी-गायकानं तर आपल्या एका गाण्यात 'याउझा' या टेपरेकॉर्डरचं नाव घेऊन, गाणं लोकांपर्यंत पोचायला एवढं पुरेसं आहे असं सांगून टाकलं. 1971 मध्ये त्यांना लेखक संघातून काढलं, 1974 मध्ये देश सोडावा लागला. याउझा घराघरात होतेच.

या सगळ्या लिहून घेण्याचा खरा धनी मात्र व्लादीमिर विसोत्स्की. मॉस्कोच्या तागान्का नाटकमंडळीतला नट, घोगरा गळा, सात तारांची गिटार. मेलोदियानं त्याच्या हयातीत मोजक्या छोट्या तबकड्या काढल्या, पण त्याची शेकडो गाणी देशभर पाठ होती. कुणी त्याला गाताना टेप करायचं, त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. 1974 मध्ये नाटकमंडळी नाबेरेझ्निये चेल्नीला गेली होती. कामाझ ट्रकचा अजस्र कारखाना तिथे उभा राहत होता. असं सांगतात की विसोत्स्की रस्त्यानं हॉटेलकडे चालत निघाला आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या खिडक्या उघड्या, खिडकी-खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवलेला, आणि सगळ्यांतून त्याचाच आवाज. आपण चालतोय आणि आपलाच गळा शंभर खिडक्यांतून, वेगवेगळ्या गाण्यांतून अंगावर येतोय. मी असतो तर घाबरलो असतो.

25 जुलै 1980 ला तो वारला तेव्हा मॉस्कोत ऑलिंपिक चालू होतं. वर्तमानपत्रांत जेमतेम दोन-चार ओळी आल्या. तरी तागान्काच्या चौकात हजारो माणसं जमली.

मामा पोचला तोवर विसोत्स्की जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि कॅसेटवर तो सगळीकडे होता. होस्टेलवर मामाच्या खोलीत परदेशी पोरं, त्यातल्या कुणाकडे जपानी टेपरेकॉर्डर, म्हणून खोलीवर वर्दळ. 1985 च्या जानेवारीत तिकडे निकोलायेव्ह भागातल्या कोम्सोमोलनं, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेनं, डिस्कोत वाजवायला मनाई असलेल्या परदेशी गायकांची यादी काढली होती, प्रत्येकापुढे त्याचा गुन्हा लिहून. कुणापुढे हिंसा, कुणापुढे कामुकता. हुलिओ इग्लेसियास या गुळगुळीत प्रेमगीतं गाणाऱ्या माणसापुढे नवफॅसिझम! पण यादी म्हणजे काय लिहून घ्यायचं याची तयार यादीच की. आमच्या मामाकडे लोक यायचे ते मात्र वेगळ्याच कारणानं. 'डिस्को डान्सर' तिकडे 1984 मध्ये लागला आणि मामाचा भाव एकदम वधारला. मिथुनदांच्या देशातला माणूस! गाणी लिहून हवीत. मामा नाट्यसंगीतातला, त्याच्या बॅगेत भीमसेनजी आणि वसंतराव. त्यानं पुण्याला पत्र टाकून कॅसेट मागवली, आजीनं ती लोणच्याच्या बरण्यांबरोबर एका ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवली, आणि खारकोव्हच्या होस्टेलवर त्याच्या किती प्रती निघाल्या ते देवच जाणे. त्या बदल्यात मामाला विसोत्स्की मिळाला.

प्रत काढायची रीत सोपी. दोन यंत्रं, मध्ये पाच पिनांची वायर. वायर नसेल, किंवा पिना जुळत नसतील, तर एका यंत्राच्या स्पीकरपुढे दुसऱ्याचा माइक धरायचा आणि खोलीतल्या सगळ्यांनी तासभर गप्प बसायचं. पंधरा-वीस वर्षांची पोरं तासभर गप्प! कुणीतरी खुर्ची सरकवायचंच. चहाच्या ग्लासात चमचा वाजायचाच. तो आवाज मग गाण्याचा भाग व्हायचा आणि पुढच्या सगळ्या प्रतींत जायचा. आपल्याकडे पोथ्या उतरवणारे शेवटी लिहून ठेवायचे, 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया'. जसं समोर दिसलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नका. प्रत्येक प्रतीला खरखर वाढायची, गळा आणखी घोगरा व्हायचा. विसोत्स्कीला ते शोभायचं. भीमसेनजींना शोभलं नसतं, म्हणून मामानं ती कॅसेट कुणाला दिली नाही. हे कारण मला काही पटलेलं नाही.

मागच्या दिवाळीत टेपरेकॉर्डर खाली आला तेव्हा मी हट्टानं तो बुधवार पेठेत नेला. दुकानातल्या काकांनी पासपोर्टाची घडी उलगडली, चष्मा वर केला, आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. रशियनचं एक अक्षर येत नसताना त्यांना सगळं वाचता येत होतं. "बेल्ट गेलाय, बाकी काही नाही," म्हणाले. "पण हा कागद झेरॉक्स करून घेऊ का एक?"

घरी आणून मामानं त्याची एमका-60 लावली. खरखर, मग गिटार, मग तो गळा. भाषा कळत नसताना मी ऐकत होतो. दुसऱ्या कडव्यानंतर गायक श्वास घ्यायला थांबला आणि तेवढ्यात कुणीतरी खोकलं. अगदी जवळ, माइकला लागून. मी मामाला विचारलं, "हा कोण?"

"काय माहीत. माझ्याकडे आली तेव्हाच होता. कीएव्हचा असेल, मिन्स्कचा असेल. माझ्या आधी किती जणांनी लिहून घेतलीय कुणास ठाऊक."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हेच का ते? हे रोज अंघोळीला जाताना गुणगुणतात. आणि मध्येच खोकतात. मी आपली इतकी वर्षं खडीसाखर देतेय."