कासवाच्या अंगणात झाड कोणते लावावे?

अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनमध्ये आमच्याकडे येणारे मराठी पाहुणे मागच्या अंगणातले कासव पाहून हमखास विचारतात, "आम्हीही आणणार आहोत, त्याच्यासाठी झाड कोणते लावू?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो. (आमचे कासव सोनोरन वाळवंटातले असून राज्याच्या वन्यजीव खात्याच्या दत्तक योजनेतून मिळालेले आहे. भारतात स्टार कासव घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तिथल्या नातलगांना हा सल्ला पाठवू नका.)

आम्ही आधी नर्सरीत गेलो आणि मग जागा शोधली, हे चुकलेच. जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर असताना दुपारी चार वाजता कासवाच्या बिळाच्या तोंडावर ऊन येते का, हे आधी पाहावे आणि झाड बिळाच्या पश्चिमेला, पण मुळे बिळात शिरणार नाहीत इतक्या अंतरावर लावावे. झाड पानगळीचे असले तरी बिघडत नाही, कारण सावली नसते त्या थंडीत कासव बिळात झोपलेलेच असते.

आम्ही पालो व्हर्डे हे हिरव्या खोडाचे वाळवंटी झाड लावले, तेही 'डेझर्ट म्युझियम' हे बिनकाट्यांचे वाण. वसंतात खाली पिवळ्या फुलांचा सडा पडतो, आणि आमचे कासव मान लांबवून एकेक फूल असे सावकाश टिपते की जबड्याच्या कडा पिवळ्या होतात. डेझर्ट विलोही चांगले; नावाला विलो, पण ते आपल्या बुचाच्या कुळातले, आणि त्याची कर्ण्यासारखी गुलाबी फुलेही कासवाला चालतात. मेस्कीटची सावली छान, मात्र हे वेड्या बाभळीचे भावंड असल्यामुळे गळालेल्या काटेरी काटक्या वेचत बसावे लागते.

बकाण निंब आणि कण्हेर मात्र नकोतच, दोन्ही विषारी. कण्हेर आपण देवाला वाहतो, म्हणून तिची भीती वाटत नाही, आणि इथे तर तिची कुंपणेच्या कुंपणे आहेत. आमच्या शेजाऱ्यांचीही आहे. जुलैत वादळी पाऊस सुरू झाला की तिची पाने भिंतीवरून आमच्याकडे येतात. तेव्हा सकाळी कासव बिळाबाहेर येण्याआधी मी टोपली घेऊन भिंतीकडेची पाने गोळा करतो आणि मगच चहा घेतो.