पंधरा फेरे, दहा की अकरा

बेळगावात समुद्र नाही. तरी पावसाळ्यात उद्यमबागेतल्या माझ्या शेडमध्ये खाऱ्या पाण्याचा वास भरलेला असतो. जूनमध्ये गोव्याच्या बोटी पाण्याबाहेर निघतात आणि त्यांचे ड्राइव्ह, म्हणजे प्रोपेलर फिरवणारे गिअरचे पाय, टेम्पोत बसून चोर्ला घाट चढतात. शारजात बोटींच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं काढून मी गावी परतलो तेव्हा लोक म्हणाले, इथं बोटींचं काम कुठनं मिळणार? पण बेअरिंगची सीट शतांश मिलिमीटरमध्ये बसवून देणारी माणसं या भागात जितकी आहेत, तितकी किनाऱ्यावर नाहीत. इथल्या फाउंड्र्यांनी आणि मशीन शॉपांनी तयार केलेला हा हात आहे. काम मिळालं.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला टेकून, आणि भिंतीपलीकडे पाण्यात सोडलेला पाय. इंजिनाची आडवी ताकद त्या पायात वरच्या गिअरमधून खाली वळते आणि खालच्या गिअरमधून पुन्हा आडवी होऊन प्रोपेलरला जाते. एवढी सगळी ताकद दोनदा काटकोनात वळवायची, तीही मुठीएवढ्या दातेरी चाकांतून. व्होल्व्हो पेंटाने 1959 मध्ये ही व्यवस्था बाजारात आणली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

तर ही बोट. पणजीकडच्या एका मालकाची, मुंबईहून सेकंडहँड घेतलेली. दोन इंजिनं, प्रत्येकी 8.1 लिटर आणि 425 अश्वशक्तीची, मागे मर्क्रूझर कंपनीचे दोन ब्राव्हो वन स्टर्नड्राइव्ह. दोन वर्षांत उजव्या ड्राइव्हचे वरचे गिअर दोनदा तुटले. दोन्ही वेळा तो एकटा ड्राइव्ह गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे आला आणि दोन्ही वेळा मीच तो दुरुस्त केला. मग तो तिसऱ्यांदा तुटला आणि या जुलैत मालकाचा फोन आला, "मिस्त्री, आता दुरुस्ती नको. उजव्या बाजूला एक्सआर बसवू. डावा चांगला आहे, तो राहू दे. पुढच्या वर्षी सुपरचार्जर घालायचेत."

एक्सआर म्हणजे त्याच घराण्यातला जाड हाडाचा भाऊ, 600 अश्वशक्तीपर्यंत पेलणारा. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप. मागणी वरवर शहाणपणाची वाटते. पण डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला दुसराच ड्राइव्ह घालायचा तर मला दोन्ही समोर हवे होते. म्हणून मी हट्टाने डावाही मागवला. एवढा हट्ट मी दोन वर्षांपूर्वी करायला हवा होता.

मालकाच्या मते दोष बोट चालवणाऱ्याचा. हा चालक मालवणचा, पन्नाशीचा माणूस. तो लाटेवरनं बोट उडवतो, प्रोपेलर हवेत मोकळा भिरभिरतो आणि पाण्यात आपटला की गिअरला झटका बसतो, असं मालकाचं म्हणणं. दुसऱ्या वेळी त्याचा पगारही कापला होता. असा झटका खरोखर बसतो, गिअर त्याने तुटतातही. पण झटक्याने तुटलेल्या दातावर साखरेच्या ढेकळासारखा खरबरीत, रवाळ काप दिसतो. मी तुटका दात डिझेलमध्ये धुतला आणि भिंगाखाली धरला. मुळाच्या एका कोपऱ्यातून बारीक कमानी निघालेल्या, एकीपुढे एक, ओहोटीच्या पाण्याने वाळूवर रेषा सोडाव्यात तशा. तीन चतुर्थांश काप गुळगुळीत आणि शेवटचा तुकडाच रवाळ. म्हणजे तडा कित्येक दिवस, लाखो फेऱ्यांत, थोडाथोडा पुढे सरकत होता. या गिअरवर कायमच वाजवीपेक्षा जास्त भार होता.

मग डावा ड्राइव्ह त्याच बोटीवर का तुटत नाही?

दोन्ही पाय स्टँडवर शेजारी उभे केले. उजव्याचे गिअर तुटलेले, म्हणून त्यात जुन्या सेटचे झिजलेले पण हाताने फिरवण्याइतके शाबूत गिअर तात्पुरते घातले. दुसऱ्या दुरुस्तीत काढलेला तो सेट मी फेकला नव्हता. इंजिनाकडून ताकद घेणाऱ्या वरच्या यू-जॉइंटच्या योकवर, म्हणजे त्याच्या दुबेळक्यावर, खडूची एक रेघ आणि खाली प्रोपेलर शाफ्टवर दुसरी. शिफ्ट पुढच्या गिअरमध्ये टाकला, हेल्परने शाफ्ट हाताने जरा अडवून धरला की आतला शंकूच्या आकाराचा क्लच पकडतो. मी योक फिरवायचा, त्याने खालचे फेरे मोजायचे.

डावा. माझे पंधरा, त्याचे दहा. म्हणजे रेशो 1.5, प्रोपेलरच्या एका फेऱ्याला इंजिनाचे दीड.

उजवा. माझे पंधरा.

"मामा, ह्यो अकराला थांबला की."

"परत मोज."

पुन्हा अकरा. 1.36.

बाहेरून दोन्ही पाय सारखेच. रेशोचा स्टिकर कुणीतरी मारलेल्या काळ्या रंगाखाली कधीच गाडला गेला होता. शिवाय ब्राव्होची एक चांगली सोय आहे. त्याच कंपनीच्या अल्फा ड्राइव्हला उलटा फिरणारा प्रोपेलर हवा असेल तर खालचा भागच वेगळा लागतो. ब्राव्होला नुसती शिफ्टची केबल उलट बांधली की तोच पाय डावीकडेही चालतो आणि उजवीकडेही. म्हणून जो सेकंडहँड मिळेल तो कुठेही चपखल बसतो आणि बसला म्हणजे जुळला असं वाटतं. बोट आत्ताच्या मालकाकडे यायच्या आधीच कुठल्या तरी वर्कशॉपने असा मिळेल तो वरचा भाग बसवलेला असणार. बसवणाऱ्याने पंधरा फेरे मोजले असते तर पाच मिनिटं गेली असती.

हिशेब कागदावर मांडला. इंजिनाचे 4,600 फेरे. डावीकडे प्रोपेलरचे सुमारे 3,067, उजवीकडे 3,382. प्रोपेलर दोन्हीकडे 26 इंच पिचचे, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात 26 इंच पुढे जाणारे. न घसरता पाणी कापलं तर डावा बोटीला ताशी साडेपंचाहत्तर मैल नेऊ पाहतोय, उजवा त्र्याऐंशी. बोट मात्र एकच, मालकाच्या जीपीएसवर चौसष्ट मैल. डाव्याची घसर पंधरा टक्क्यांच्या आसपास, ती ठीक. उजव्याची जवळपास तेवीस. प्रोपेलर दहा टक्के जास्त फिरवायला दहा टक्के जास्त ताकद पुरत नाही. ताकद ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याएवढी जास्त लागते. आणि दोन्ही मीटरचे काटे एका रेषेत आणायचे असं प्रत्येक चालकाला शिकवलेलं असतं. काटे जुळवण्यासाठी उजवा लिव्हर सतत पुढे. गिअर पाण्यावर रोज झिजत होता तो या शिस्तीपायी.

आता माझं. पहिल्या दुरुस्तीत मी तुटक्या गिअरवरचा नंबर वाचला आणि तसाच जोड मागवला. हे गिअर मी कापत नाही. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात आणि जोडीनेच बदलायचे असतात. माझं काम पुढचं. बेअरिंगची सीट, शिम म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, डायल गेजवर बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळीक, दातांवर मार्किंग ब्ल्यू ही निळी शाई लावून घासाचा ठसा बघणं. तो ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत मी दोन दिवस शिम बदलत होतो, आणि आला तेव्हा फोटो काढून ठेवला होता. त्या फोटोचा मला अभिमान होता. चुकीचा रेशो मी अगदी बिनचूक बसवून दिला होता, आणि तोही दोनदा.

मालकाला सांगितलं. त्यांना ते पटायला आठवडा लागला. एका बाजूला एक्सआर घालण्यात अर्थ नाही, घालायचे तर दोन्ही, आणि दोन्हींचा रेशो एकच. 425 अश्वशक्तीवर आहेत ते ड्राइव्ह पुरेत. सुपरचार्जर घालणार असाल तरच एक्सआरची जोडी घ्या, पण मग इंजिन आणि ड्राइव्ह जोडणारा कपलर, यू-जॉइंट आणि स्टिअरिंगही त्या मापाचं हवं. इंटरनेटवर बघून त्यांना टोकदार नाकाचा स्पोर्टमास्टर खालचा भागही हवा होता. त्याचं पाणी खालून ओढणारं तोंड, ड्राइव्ह उंच चढवलेल्या आणि यापेक्षा बऱ्याच वेगवान बोटींसाठी असतं. गिऱ्हाईक नेहमी दिसणारा भाग आधी मागतं. शेवटी उजव्यात 1.5 चा नवा जोड घातला. त्याची मजुरी मी लावली नाही.

ऑक्टोबरमध्ये ट्रायलला मी स्वतः गेलो. मांडवीच्या मुखातून बाहेर पडून आग्वादसमोर चालकाने दोन्ही लिव्हर सारखे पुढे केले. काटे आपोआप जुळले. त्याने स्टिअरिंगवरचा डावा हात काढून मांडीवर ठेवला, थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "मी वरसभर सांगतंय, नाक डाव्या बाजूक ओढता म्हणान. आयकता कोण?"

उजवा प्रोपेलर जास्त ढकलत असेल तर नाक डावीकडेच जाणार. हे एक वाक्य दोन वर्षांपूर्वी माझ्या कानावर पडलं असतं तर मी त्याच दिवशी खडू हातात घेतला असता. माझ्याकडे मालकाचा नंबर होता, त्याचा नव्हता. दोन दुरुस्त्यांत मला एकदाही वाटलं नाही की बोट रोज हातात धरणाऱ्या माणसाला फोन करावा.

धक्क्यावर उतरल्यावर मी मालकाला त्या कापलेल्या पगाराचं विचारलं. "बघूया," म्हणाले. परवा चालकाला फोन केला तेव्हा बोट उत्तम चालली आहे असं त्याने सांगितलं. पगाराचा विषय त्यानेही काढला नाही आणि मलाही काढवला नाही.